मशीनजवळ उभा आहे त्याला शिकवा : कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे. चोवीस माणसे, पाच सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन). फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, येते, त्याचे मशीनिंग करून, म्हणजे नेमक्या मापाला कापून, आम्ही पुढे पाठवतो. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात अशी शॉप गल्लोगल्ली आहेत. आमची खरी स्पर्धा मात्र शेजारच्या शेडशी नाही, ती कोइमतूर, राजकोट आणि बेळगावशी आहे. पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, दरवर्षी रेट कमी करून मागते, वीज आणि पगार वाढत जातात. मधला फरक कुठून तरी काढावाच लागतो.

तो कुठून निघतो हे मला तीन वर्षांपूर्वी समजले. आमच्याकडे एका मशीनवर दिवसातून दोनदा सेटिंग बदलायचे, म्हणजे एक जॉब (भाग) संपवून दुसऱ्यासाठी मशीन लावायचे, आणि प्रत्येक वेळी दीड तास जायचा. इतका वेळ लागणारच, असे आम्ही धरून चाललो होतो. लीनचे, म्हणजे कामातला वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या पद्धतीचे, प्रशिक्षण द्यायला आलेले गृहस्थ माझ्या केबिनमध्ये बसलेच नाहीत. त्यांनी ऑपरेटरच्या हातात स्टॉपवॉच दिले आणि हेल्परच्या हातात खडू. सेटिंग करताना माणूस कुठेकुठे जातो, त्याच्या रेघा जमिनीवर ओढायला लावल्या. अर्ध्या तासात फरशीवर जाळे झाले. टूलच्या कपाटाकडे फेऱ्या, एका ॲलन कीसाठी शेजारच्या मशीनकडे, गेजसाठी (माप तपासायच्या साधनासाठी) पार क्वालिटीच्या टेबलापर्यंत. आमच्याकडे चौदा वर्षे काम करणारे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते रेघांकडे बघत म्हणाले, "मशीन बंद ठेवून आपण नुसतं हुडकतोय की!"

पुढचे सगळे मामांनीच बसवले. एक जॉब चालू असतानाच पुढच्या जॉबची टूल, जॉब पकडणारे जॉ आणि गेज ट्रॉलीवर मांडून तयार ठेवायची. मशीन थांबवल्यावाचून होतच नाही तेवढेच काम थांबवून करायचे. दीड तासाची चाळीस मिनिटे झाली. दोन बदलांचे मिळून दिवसाला शंभर मिनिटे वाचली, तीही नवे मशीन न घेता.

वेळेपेक्षा मोठा फायदा मला उशिरा कळला. सेटिंगला दीड तास लागतो म्हटल्यावर एकदा लावलेला जॉब कुणीही चार-पाचशे काढून ठेवतो. ते पीस कोपऱ्यात पडून राहतात. पार्टीचे बिल कायद्याने 45 दिवसांत यायचे असले तरी ते कधी येते हे आम्हाला ठाऊक आहे, त्यात हा माल अडकलेला. शिवाय ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधले हवेचे छिद्र, शेवटी सापडले, की अख्खा लॉट संशयात. आता आम्ही साठ-सत्तरचे लॉट काढतो. दोष त्याच पाळीत दिसतो आणि फौंड्रीला त्याच दिवशी फोन जातो.

केंद्राने मार्च 2023 मध्ये लघुउद्योगांसाठीची लीन योजना नव्या रूपात आणली. सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलते. योजना चांगली आहे, मी ती इतरांनाही सांगतो. पण तिची सुरुवात मालकाच्या नोंदणीने होते. पुढे ते शिक्षण ऑपरेटरपर्यंत पोचवायचे की नाही, हे मालकाच्या मनावर राहते. तिथे आपले खाते हवे आहे. आयटीआय आपल्याकडे आहेत, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मुले कारखान्यांत येतात. माझ्याकडे आलेल्या मुलांना ड्रॉइंग वाचता येते, मायक्रोमीटर धरता येतो. वाया जाणारा वेळ मोजायला त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. आयटीआयच्या निदेशकांना आधी एखाद्या चालू शॉपमध्ये पंधरा दिवस उभे करा, मग ते मुलांना शिकवतील. शिकवणे मराठीत हवे. फौंड्रीत बिहार-ओडिशाची माणसे आहेत, त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतही हवे. शिकण्याच्या तासांचा पगार सरकारने निम्मा तरी द्यावा, कारण दहा माणसांच्या शॉपमध्ये दोघे शिकायला बसले की डिस्पॅच अडतो. आणि प्रशिक्षक सहा महिन्यांनी परत आलाच पाहिजे. चार महिन्यांत आमची ट्रॉली पुन्हा रिकामी राहू लागली होती. ते गृहस्थ परत आले म्हणून घडी बसली.

एक गोष्ट कुठल्याच अर्जात विचारत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मामांनी मला बाजूला घेऊन विचारले, "वेळ वाचला म्हणून माणूस कमी करणार काय?" ही भीती खोटी नाही. ज्या टोयोटाकडून आपण हे शिकतो, तिथे 1950 मध्ये कंपनी बुडायला आली, कामगार कपात झाली, मोठा संप झाला आणि किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावे लागले. मी मामांना लेखी दिले, की या कामामुळे एकही माणूस जाणार नाही. त्यानंतरच सूचना येऊ लागल्या. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक मालकाकडून आपण हेच लिहून घ्या. आमच्यातल्या काहींना ते आवडणार नाही, तरी घ्या.

कोल्हापूरला आलात तर सकाळच्या पाळीला शॉपवर या. मामा स्वतः सेटिंग बदलून दाखवतील, स्टॉपवॉच आपल्या हातात देऊ.

आपला,
शिरोलीतील एक लघुउद्योजक