नळी घासण्याआधी तिचे बूड पाहा

संपादक महोदय,

जुन्या घराची कौले उतरवताना माळ्यावर बंदुकीची नुसती नळी सापडली, की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर ती भंगारात जाते, नाहीतर सॅण्डपेपरने लखलखीत घासून 'दीपाजी राण्यांच्या (पोर्तुगीजांविरुद्धच्या) बंडातली' म्हणून वसरीवर टांगली जाते. घासलेल्या नळीवरून मग जाणकारालाही फारसे काही सांगता येत नाही.

सगळ्यात आधी ती भरलेली नाही ना, ते पाहावे. ठासणीची बंदूक बार भरून ठेवलेली असणे नवलाचे नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. तोंडासमोर उभे न राहता लाकडी बारीक काठी (लोखंडी गज नको) अडेपर्यंत आत सारावी, तोंडापाशी खूण करावी आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून टोक कुठे येते ते बघावे. टोक कानापर्यंत (बार पेटवायच्या बुडाजवळच्या छिद्रापर्यंत) पोचले तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत बार आहे असेच धरावे. कधी ते कुंभारमाशीचे घर निघते, पण ते शोधण्यासाठी नळी तापवू नये, ड्रिल लावू नये, बुडाचा आटा खोलू नये. सरळ पोलिसांना कळवावे.

बनवणाऱ्याचे नाव नसले तरी युरोपात बनलेल्या नळीवर दाबचाचणीचे (नळी बाराचा दाब पेलते हे तपासल्याचे) शिक्के बहुधा असतात, फक्त ते बरेचदा लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या अंगावर, बुडाकडच्या वीतभर भागात असतात. तिथे पातळ मशीन तेल लावून दोन-तीन दिवस मुरू द्यावे, मग पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवावा. चिंचेने किंवा कोकमाच्या आगळाने समई उजळते. नळीवरचा केसभर खोल शिक्का मात्र आंबट खाऊन टाकते. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला, की अक्षरांच्या कडा उठून दिसतात. पतंगाचा कागद ठेवून पेन्सिल फिरवावी, ठसा उतरतो.

लंबगोलात ई-एल-जी असेल तर चाचणी बेल्जियममधल्या लिएजची, मग वर ऐटीत 'लंडन' कोरलेले का असेना. मुकुट, फुलीसारखे दोन राजदंड आणि बी-पी-सी म्हणजे बर्मिंगहॅम. तिथले प्रूफ हाऊस, म्हणजे ही चाचणी करणारी संस्था, १८१३ ची. 'नॉट फॉर बॉल' (अखंड गोळीसाठी नाही) हा शिक्का १८७५ ते १८८७ मधला. दीपाजींचे बंड १८५२ चे, तेव्हा अशा नळीची दंतकथा तिथेच संपते. जवळच १२ किंवा १६ आकडा असेल तर तो बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप: बारा बोअर म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर, सोळा म्हणजे १६.८, वीस म्हणजे १५.६. तोंडाशी व्हर्नियर लावून हे ताडू नये. काडतुसाच्या बंदुकीला तोंडाशी बरेचदा चोक, म्हणजे मुद्दाम अरुंद केलेला भाग, असतो, तिथले माप कमी भरते.

शिक्का कुठेच नसेल तर आकार बोलतो. बूड जाड, आणि रंजकाची (बार पेटवायच्या बारीक दारूची) वाटी उजव्या अंगाला नळीलाच जोडलेली असेल, तर ती तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार पेटवायच्या, बंदुकीची. आफोंसो द आल्बुकर्कने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिताना गोव्याच्या बंदूक कारागिरांची तारीफ केली होती हे खरे, पण तेवढ्यावरून प्रत्येक तोड्याची नळी इथली ठरत नाही. आतून लांबवर सरळ जोडाची रेघ गेलेली दिसली तर पाण्याच्या पाइपची गावठी नळी असल्याचा संशय घ्यावा. अंगावर नागमोडी वेटोळी असतील तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून सांधलेली. दिसायला देखणी, पण सांध्यांत शिरलेला गंज बाहेरून कळत नाही आणि आजच्या काडतुसाचा दाब तिला पेलणारा नाही.

'नुसती नळीच तर आहे, बंदूक कुठे?' हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत बंदुकीचे भागही बंदुकीतच मोडतात. कलम ४५ जुनाट आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्रांना सूट देते, पण आपली नळी त्यात बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवू नये. पोलीस ठाण्यात खबर द्यायला जाताना फोटो आणि तो पेन्सिलीचा ठसा न्यावा. नळी पिशवीत घालून नेऊ नये, त्यांनाच घरी बोलवावे.

आपला,
एक वाचक, डिचोली