विषय: स्टेनलेस स्टीलचे एम12 नट-बोल्ट बसवतानाच जाम होणे व सोबतचे चुकीचे सूचनापत्रक

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या एम12 × 80 (12 मिलिमीटर जाड, 80 मिलिमीटर लांब), ए2-70 या स्टेनलेस दर्जाच्या, पूर्ण आट्यांच्या बोल्ट आणि नायलॉक नटांच्या (आत नायलॉनचे कडे असलेल्या, सैल न होणाऱ्या नटांच्या) 64 जोड्यांपैकी 11 जोड्या बसवतानाच जाम झाल्या. ‘नट जास्त आवळला गेला’ हे आपल्या विभागाचे उत्तर मला मान्य नाही. या 11 पैकी 9 नट वॉशरला टेकलेसुद्धा नव्हते, मध्ये 5 ते 12 मिलिमीटर फट शिल्लक होती. बोल्टवर ताण आलाच नव्हता, मग तो जास्त आवळला कसा जाईल?

हे गॉलिंग आहे, म्हणजे घासणारे आटे एकमेकांना चिकटून जाम होणे. स्टेनलेसचे गंजापासून रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर अतिशय पातळ असतो. आटे दाबाखाली घासले की उंचवट्यांवरचा हा थर फाटतो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि जागच्या जागी चिकटतो. नट आणखी फिरवला की चिकटलेला भाग उपटला जातो आणि पुढचे आटे ओरबाडतो. त्यात हे स्टील घासताना आणखी कडक होत जाते, त्यामुळे जोर लावावा तितका नट घट्ट धरतो. एक नट ग्राइंडरने उभा चिरून पाहिला. पहिले दोन आटे चकचकीत होते, तिसऱ्यापासून माथे फाटलेले, आणि तो धातू बोल्टच्या खाचांत लिंपल्यासारखा दाबून बसलेला.

यातला बराचसा दोष मालाचा आहे. नट आणि बोल्ट एकाच दर्जाचे, दोन्ही कोरडे. बोल्टचे आटे रोल केलेले (दाबून घडवलेले, गुळगुळीत) नाहीत, कापलेले आहेत. कडांवर बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत कोर, नखाला लागते. वर नायलॉक. एम12 चा पिच (दोन आट्यांमधले अंतर) 1.75 मिलिमीटर, म्हणजे 45 मिलिमीटर आत जायला सुमारे 26 फेरे, आणि नायलॉन बोल्टला भिडल्यापासून प्रत्येक फेऱ्यात घर्षण आणि उष्णता.

पण त्याहून गंभीर चूक आपल्या सूचनापत्रकात आहे. ‘तेल लावू नये, इम्पॅक्ट रेंच वापरावा, टॉर्क 85 न्यूटन-मीटर’ असे त्यात छापले आहे. वेगाने फिरवणे हे गॉलिंगला आमंत्रणच. आणि 85 हा आकडा 8.8 दर्जाच्या कार्बन स्टील बोल्टला शोभतो, ज्याची यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबू लागतो ती मर्यादा) 640 मेगापास्कल असते. ए2-70 ची फक्त 450. कोणी समजून घर्षण कमी करणारी अँटी-सीझ पेस्ट लावली आणि टॉर्क मात्र तुमचाच ठेवला, तर बोल्टवर सुमारे 47 किलोन्यूटन ताण येईल. हा बोल्ट 38 च्या आसपासच ताणून लांबतो. पेस्ट लावल्यावर 45 न्यूटन-मीटरच्या जवळपास थांबायला हवे. हे पत्रक वाचून काम करणाऱ्याचा यात काहीही दोष नाही.

सर्व 64 जोड्या बदलून द्याव्यात. बोल्ट रोल केलेल्या आट्यांचे असावेत, नट साधे षटकोनी आणि मेणाचा लेप दिलेले. सैल होऊ नयेत म्हणून वेज-लॉक वॉशर (उतरत्या दातांच्या जोडीचे वॉशर) द्यावेत. जिथे नट वारंवार काढावा लागतो अशा ग्राहकांसाठी नायट्रॉनिक 60 सारख्या वेगळ्या मिश्रधातूचा नट यादीत ठेवावा. ए2 च्या बोल्टवर ए4 या दुसऱ्या स्टेनलेस दर्जाचा नट देऊन प्रश्न सुटत नाही, दोन्ही जवळपास सारखेच चिकटतात.

जुने पत्रक तातडीने मागे घ्यावे. नव्यात स्पष्ट लिहावे: आटे पुसून स्वच्छ करा, मॉलिब्डेनमची अँटी-सीझ पेस्ट बोल्टच्या आट्यांवर आणि नटाच्या टेकणाऱ्या तोंडावर लावा, नट हाताने चालवा, नंतर साध्या पान्ह्याने सावकाश, शेवटी टॉर्क रेंच. नट मध्येच जड लागला तर तिथेच थांबा, थंड होऊ द्या आणि अलगद उलटा फिरवून काढा. पुढे रेटू नका.

चिरलेला नट आणि दोन जाम जोड्या तपासणीसाठी सोबत पाठवत आहे. आपल्या गुणवत्ता विभागाचा लेखी अहवाल 15 दिवसांत मिळावा.

आपला,
एक ग्राहक