तीस सेकंदांच्या जाहिरातीमागचे हात

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी कोकम सोड्याची ३० सेकंदांची जाहिरात आम्ही ठाण्यात तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, चित्रित केली. त्या कामात ज्यांनी आपले नावही न सांगता मदत केली, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रे) धरल्या तर ती जाहिरात अवघ्या ७५० फ्रेमची, पण मे महिन्याच्या उन्हात बर्फ संवाद संपण्याआधीच वितळत होता आणि बाटलीवरचे थेंब टिकत नव्हते. अशा वेळी मासुंदा तलावाकाठच्या ज्या सरबतवाल्या काकांनी आपली गाडी दोन तास आमच्या स्वाधीन केली, चिमूटभर मीठ पडताच सोडा कसा फसफसून वर येतो हे न कंटाळता पुन्हा पुन्हा करून दाखवले आणि शेवटी पैसेही घेतले नाहीत, त्यांचे ऋण फार मोठे आहे. जाहिरातीतले सर्वांत देखणे दृश्य त्यांच्याच हातचे आहे. पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारले की थेंब लवकर सुकत नाहीत, हे सांगून जवळच्या दुकानातून ते आणून देणाऱ्या छायाचित्रकार ताईंचे आणि आमच्यासाठी बाक सोडून उभ्या राहिलेल्या आजी-आजोबांचेही आभार. कोकमाचा रंग फिका दिसतो, असे आजींनी सांगितले. ते खरेच होते, म्हणून तो प्रसंग आम्ही पुन्हा चित्रित केला.