निकोटिन आणि मूत्राशय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सिगारेट म्हटले की फुप्फुसाचा कर्करोग आठवतो. मात्र मूत्राशयाच्या कर्करोगाच्याही साधारण निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते, हे अनेकांना निदान झाल्यावरच कळते. धुरातील ॲरोमॅटिक अमाइन वर्गातील रसायने रक्तात मिसळतात, यकृतात त्यांचे रूप बदलते आणि मूत्रपिंडांतून गाळली जाऊन ती लघवीवाटे मूत्राशयात येतात, जिथे आतल्या अस्तराशी त्यांचा तासन्‌तास संपर्क राहतो. रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयात गाठी होतात, हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्येच नोंदवले होते आणि त्यामागेही याच वर्गातील रसायने असल्याचे पुढे सिद्ध झाले.

यावरून ‘दोष धुराचा आहे, निकोटिनचा नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि ई-सिगारेटचे समर्थक तो हमखास पुढे करतात. निकोटिन स्वतः कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत झालेले नाही, हे खरेच आहे. पण तेवढ्यावरून त्याला निर्दोष ठरवणे मला घाईचे वाटते. शरीरात गेलेले निकोटिन आणि त्यापासून बनणारे कोटिनिन लघवीतूनच बाहेर पडते. एखादी व्यक्ती तंबाखू घेते का, हे पाहण्यासाठी लघवीतील कोटिनिन तपासतात ते म्हणूनच. मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींवर निकोटिनला प्रतिसाद देणारे ग्राही असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी निकोटिनच्या संपर्कात अधिक वेगाने वाढल्याचे आणि सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाला त्यांनी कमी दाद दिल्याचेही संशोधकांना आढळले आहे. म्हणजे गाठ सुरू करण्यात निकोटिनचा वाटा असो वा नसो, झालेली गाठ वाढण्यास ते हातभार लावत असावे, ही शंका रास्त आहे.

२०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी ४० उंदरांना ५४ आठवडे निकोटिनयुक्त ई-सिगारेटच्या वाफेत ठेवले, तेव्हा त्यांपैकी २३ उंदरांच्या मूत्राशयाच्या अस्तरात पेशींची अतिरिक्त वाढ दिसली. निकोटिन नसलेल्या वाफेत हे प्रमाण अत्यल्प होते. शरीरात निकोटिनपासून डीएनएला इजा करणारी संयुगे तयार होतात आणि ती इजा भरून काढण्याची पेशींची क्षमताही घटते, असे या गटाचे प्रतिपादन आहे. मात्र पेशींची अतिरिक्त वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी वापरणाऱ्यांनी यामुळे घाबरून पुन्हा सिगारेटकडे वळू नये; तो धोका कितीतरी मोठा आहे. प्रश्न आहे तो कधीच धूम्रपान न केलेल्या तरुणांनी निरुपद्रवी समजून निकोटिनची सवय लावून घेण्याचा, आणि मूत्राशयाची गाठ काढल्यानंतरही निकोटिन सुरू ठेवणाऱ्या रुग्णांचा. आपल्या आरोग्य पुरवणीत ई-सिगारेटविषयी लिहिताना फुप्फुसांबरोबर मूत्राशयाचाही विचार व्हावा आणि वेदना नसली तरी लघवीतून एकदाही रक्त गेल्यास लगेच तपासणी करून घ्यावी, ही सूचना ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक