रात्री साडेअकराला फोन उचलणाऱ्या दादांना

दादा,

नाव लिहू नकोस म्हणून तुम्ही बजावलंत, तेव्हा नुसतं दादा.

त्या रात्री माझ्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स सुरू होता होता काळ्या पडद्यावर अडकलं होतं. इमर्जन्सी मोड, आणि खाली रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागणारी ओळ. कंपाइल करताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवताना, हजारो तात्पुरत्या फाइली तयार होतात, त्यांच्यासाठी मला रॅममध्ये छोटी डिस्क हवी होती. मशीन सुरू होताच ती आपोआप माउंट व्हावी, म्हणजे एखाद्या फोल्डरच्या जागी जोडली जावी, म्हणून एफएसटॅब या जोडायच्या डिस्कांची यादी असलेल्या फाइलमध्ये एक ओळ टाकली, रीस्टार्ट केलं आणि बसलो बोंबलत.

'काय करून ठेवलंस?' असं तुम्ही विचारलं नाहीत. 'ती ओळ अक्षर-अक्षर वाच' म्हणालात. टीएमपीएफएस (रॅममधल्या डिस्कचा प्रकार), माउंटची जागा, पुन्हा टीएमपीएफएस, मग पर्याय, शेवटी दोन शून्यं. सहाही रकाने जागेवर होते. चौथ्यात, डिस्कची कमाल मर्यादा सांगणाऱ्या 'साइझ'च्या स्पेलिंगमध्ये मी आय आणि झेडची अदलाबदल केली होती. मी डोळ्यांनी तीनदा वाचूनही सुटलेली चूक तुम्ही फोनवर नुसतं ऐकून पकडलीत.

तेवढ्यावर फोन ठेवला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही समजावत बसलात. साइझ दिली नाही तर मर्यादा निम्म्या रॅमची, म्हणजे माझ्या 8 जीबीत 4. आणि 2 जीबी लिहिलं म्हणून 2 जीबी अडकून पडत नाही. फाइली जेवढ्या, तेवढीच रॅम खर्ची पडते. मी इतके दिवस उलटंच धरून चाललो होतो. रॅमएफएस या दुसऱ्या प्रकाराला मर्यादाही नाही आणि ते स्वॅपमध्येही (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जात नाही, त्याच्या नादी लागू नकोस, हेही सांगितलंत.

मग पर्यायांत 'नोफेल' जोडायला लावलंत. माउंट फसलं तरी मशीन सुरू व्हायचं अडत नाही. आणि एफएसटॅबला हात लावला की रीस्टार्टच्या आधी यादीतलं सगळं जोडून पाहणारी 'माउंट -ए' ही कमांड चालवायची. चूक असेल तर तिथल्या तिथे कळते. रॅमडिस्क कशी करायची हे सांगणाऱ्यांनी खरं तर सुरुवातच इथून करायला हवी.

आता डिस्कांची जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवली की ती ओळ दिसते: 2 जीबी, वापर शून्य.

एक कबुली द्यायची आहे. 'गेलं तर हळहळ वाटणार नाही तेवढंच तिथे ठेव,' असं तुम्ही म्हणाला होतात. या पत्राचा पहिला मसुदा मी तिथेच सेव्ह केला आणि मशीन बंद करून झोपलो. मशीन बंद झालं की रॅममधलं सगळं पुसलं जातं. हे दुसऱ्यांदा लिहिलेलं आहे.

तुमचा ऋणी