कॅरिअर मिळतं, बाळ बसवायला कोणी शिकवत नाही

महोदय,

बाळाला अंगाशी बांधून फिरवायची कॅरिअर आता तालुक्याच्या बाजारातही दिसू लागली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. आईचे हात मोकळे राहतात, बाळ अंगाच्या उबेत शांत राहतं. यात परकं असंही काही नाही. मूल पाठुंगळीला बांधून शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तक्रार एवढीच आहे की दुकानदार खोकं हातात देतो, आतल्या कागदावर बारीक इंग्रजी असतं, आणि बाळ त्यात कसं बसवायचं हे कोणीच दाखवत नाही. पहिल्या चार महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत ही उणीव जिवावर बेतू शकते.

तान्ह्या बाळाचं डोकं जड असतं, मान धरलेली नसते आणि श्वासनलिका मऊ, अरुंद असते. झोळीसारख्या पोकळ पिशवीत ते पाठीची कमान करून घसरलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. अशा वेळी बाळ रडत नाही, हातपाय झाडत नाही. बाहेरून ते गाढ झोपल्यासारखंच दिसतं, आणि खरा धोका इथेच आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल, म्हणजे खांद्यावरून घालायच्या कापडी झोळीबद्दल, इशारा दिला, तेव्हा आधीच्या वीस वर्षांतले १४ बालमृत्यू त्याच्यापुढे होते. त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती.

म्हणून बाळ नेहमी उभंच बांधावं, पोट आपल्या छातीला लागून. त्याचं डोकं इतकं वर हवं की मान किंचित वाकवली की आपले ओठ त्याच्या टाळूला टेकतील. चेहरा आपल्याला सतत दिसायला हवा. हनुवटी आणि छाती यांच्यात आपली दोन बोटं आडवी बसली पाहिजेत. पट्टे पुरेसे आवळलेत का, हे पाहण्यासाठी एक हात बाळाच्या पाठीवर ठेवून थोडं पुढे झुकावं. बाळ छातीपासून सुटून लोंबलं, तर पट्टे सैल आहेत. दूध पाजताना बाळ खाली घेतलं असेल तर पाजून झाल्यावर लगेच पुन्हा वर घ्यावं, तसंच झोपू देऊ नये. आणि धूळ, ऊन किंवा दृष्ट लागू नये म्हणून तोंडावरून पदर किंवा ओढणी ओढायची सवय इथे सोडावीच लागते.

दुसरा मुद्दा खुब्याचा. बाळाचे पाय बेडकासारखे हवेत, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर. कापड एका गुडघ्यामागच्या खळगीपासून दुसऱ्या खळगीपर्यंत पोहोचलं पाहिजे. स्वस्त कॅरिअरची बैठक बहुधा अरुंद असते, त्यामुळे मूल जांघेवर लटकतं आणि पाय सरळ खाली लोंबतात. तेवढ्यानेच खुबा निखळतो असं म्हणता येणार नाही, पण वाढत्या सांध्याला हवा तो आधार मिळत नाही. असं कॅरिअर आधीच घेतलं असेल तर ओढणी बाळाच्या दोन्ही मांड्यांखालून घेऊन कमरेच्या पट्ट्याला बांधावी, बैठक रुंद होते. खुब्याला याहून मोठा अपाय आपल्या घरातल्या एका जुन्या सवयीने होतो. पाय वाकडे होऊ नयेत म्हणून अंघोळीनंतर बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधतात, ते बंद व्हायला हवं. बाळ पायाळू असेल किंवा घरात कोणाला खुब्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांकडून खुबे तपासून घ्यावेत.

बकलचं कॅरिअर घालताना आधी कमरेचा पट्टा लावावा, तोही ओटीपोटाखाली घसरलेला नको, कमरेच्या हाडावर घट्ट हवा. वजन तिथे पेललं गेलं की खांदे दुखत नाहीत. मग बाळ छातीशी घ्यावं, त्याच्या पाठीवर कापड चढवावं, खांद्याचे पट्टे घालावेत आणि शेवटी आपल्या पाठीवरचा आडवा पट्टा लावावा. काढताना क्रम उलटा, आणि कमरेचा पट्टा बाळ बाहेर काढल्यावरच सोडावा. साडीने बांधायचं असेल तर साधारण साडेपाच मीटरची जुनी, मऊ सुती साडी पुरते. ती आधी उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधावी. रेशमी आणि सिंथेटिक साडीची गाठ सरकते, म्हणून ती नको. गाठ निरगाठ हवी, तीही दोनदा. कडीच्या स्लिंगच्या कड्या अखंड असाव्यात. बोट फिरवल्यावर सांधा लागला तर ती कडी ताणाखाली उघडू शकते. पाठुंगळीला बांधायची घाई नको, मूल स्वतः बसू लागेपर्यंत थांबावं. आणि बाळ छातीशी असताना फोडणी, तळण, उकळता चहा यांच्याजवळ जाऊ नये.

दुचाकीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. मागे बसलेल्या आईच्या छातीशी कॅरिअरमध्ये बाळ, हे दृश्य पुण्यात कुठल्याही सिग्नलला दिसतं. ब्रेक लागला की आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि ते चालकाच्या पाठीवर चेपलं जातं. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमात चार वर्षांखालच्या मुलासाठी चालकाला जोडणारं, ३० किलो पेलणारं सुरक्षा हार्नेस (अंगावर घालायचं पट्ट्यांचं जाकीट), नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली आहे. कॅरिअर म्हणजे ते हार्नेस नव्हे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला तर दुचाकीवर नेऊच नये. मोटारीतही कॅरिअर लहान मुलाच्या सीटची जागा घेऊ शकत नाही.

हे शिकवणारी यंत्रणा आपल्याकडे आधीच आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये सुरू झालेली कांगारू पद्धत आपल्या नवजात कक्षांमध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी वापरतात. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, डोकं एका बाजूला वळवलेलं, कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली, हे परिचारिका तिथे हाताने करून दाखवतात. आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. आरोग्य विभागाने ४२ व्या दिवसाच्या भेटीत बाळ बांधण्याचं दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक घालावं, आणि सहाव्या आठवड्याच्या लसीला आलेल्या आयांना पुन्हा एकदा दाखवावं. एक बाहुली आणि एक जुनी साडी, एवढंच साहित्य त्याला लागतं. विक्रेत्यांनीही चित्रांसह मराठी सूचना कॅरिअरच्या कापडावरच शिवून द्याव्यात, कारण खोक्यातला कागद पहिल्याच दिवशी रद्दीत जातो.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा