साहेब, ती टिकली तुम्ही खिशात टाकलीत

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या दिवशी मी बोलायला उभा राहिलो आणि दोन वाक्यांत खाली बसलो. घसाच भरून आला होता. तेव्हा राहिलेलं आता लिहितो, आणि सगळ्यांसमोर लिहितो, कारण आमची भांडणंही सगळ्यांसमोरच व्हायची.

चाकणच्या आपल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या विभागात, मी अकरा वर्षं प्रॉडक्शन बघतोय. टूलरूम, मेंटेनन्स आणि क्वालिटी बघणारे तिघंही जवळपास तेवढेच जुने. चौघंही आपापल्या कामात पक्के, आणि चौघांनाही ते चांगलं ठाऊक. डाय, म्हणजे प्रेसमधला पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला आम्हाला दोन तास लागत. टोयोटात १९६९ साली हजार टनाच्या प्रेसवर याच कामाला चार तास लागायचे आणि शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने ते तीन मिनिटांवर आणून दाखवलं, हे आम्ही प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. तंत्र तोंडपाठ होतं. पण प्रॉडक्शनचा फोन आल्याशिवाय टूलरूम डाय हलवणार नाही, पहिला पीस टेबलावर आणून दिल्याशिवाय क्वालिटी माप तपासायचं गेज हातात घेणार नाही, आणि लेखी निरोपाशिवाय मी मेंटेनन्सला प्रेस देणार नाही. दोन तासांतला निम्मा वेळ एकमेकांच्या निरोपाची वाट बघण्यात जायचा.

हे असं का झालं होतं तेही आज बोलतो. तुमच्या आधीचे वरिष्ठ आम्हाला एकेकट्याला केबिनमध्ये बोलावून सांगायचे, "कारखाना तुझ्या जिवावर चाललाय." दुसऱ्याच्या चुकीचा मेल वरपर्यंत पाठवला की शाबासकी मिळायची. मला स्ट्रोकचा (प्रेसच्या ठोक्यांचा) आकडा, क्वालिटीला पीपीएम (दहा लाखांत खराब पीस किती), मेंटेनन्सला ब्रेकडाउनचे तास, टूलरूमला दुरुस्तीचा खर्च. एकाचा आकडा सुधारला की दुसऱ्याचा बिघडणार, अशीच सगळी मांडणी. आणि मग 'टीम' व्हावी म्हणून लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेऊन आमच्याकडून रस्सीखेच करून घेतली. सोमवारी सकाळी पुन्हा तेच मेल. चार चांगल्या माणसांची इतकी वर्षं त्यांनी एकमेकांवर खर्ची घातली, याचा मला अजून राग येतो.

तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्याच महिन्यातली ती रात्रपाळी. चार नंबर प्रेसवर ब्रॅकेटच्या एकाच बाजूला बर, म्हणजे कापलेल्या कडेला धारदार कंगोरा, येत होती. सकाळी सहाला गाडी निघायची होती आणि आम्ही चौघं प्रेसभोवती उभे राहून भांडत होतो. टूलरूम म्हणे प्रेस वाकडी, मेंटेनन्स म्हणे डाय झिजलीय, क्वालिटी म्हणे माल अडवला, आणि मी सगळ्यांवर ओरडत होतो. पहाटेचे अडीच वाजले असतील. तुम्ही घरून आलात, कुणालाच काही विचारलं नाहीत, फक्त डाय उतरवायला सांगितलीत. शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि कॉटन वेस्टचा (पुसायच्या सुताचा) गोळा घेऊन बोल्स्टर, म्हणजे डाय जिच्यावर बसते ती प्रेसची प्लेट, पुसायला लागलात. चौसष्ट वर्षांचा माणूस गुडघा टेकून तेल पुसतोय हे बघून आमची तोंडं आपोआप बंद झाली. मग त्या गोळ्याचे दोन भाग करून अर्धा तुम्ही माझ्याकडे न बघताच माझ्या हातात दिलात.

पुसता पुसता तुमचं बोट अडलं. डायच्या खाली, कोपऱ्यात, पंचातून पडलेली पत्र्याची टिकली तेलात चिकटून बसली होती. रुपयाएवढी. तिच्यामुळे डाय सपाट बसत नव्हती. डाय चढवण्याआधी बोल्स्टर साफ करणं हे प्रॉडक्शनचं काम, म्हणजे माझं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या छातीत धस्स झालं. तुम्ही ती टिकली उचललीत, अंगठ्याने पुसलीत आणि पँटच्या खिशात टाकलीत. "चढवा डाय," एवढंच म्हणालात.

साहेब, ती टिकली तुम्ही वर धरून दाखवली असतीत तर मी उरलेली सगळी वर्षं त्या तिघांशी वैर धरलं असतं. मी स्वतःला ओळखतो.

सकाळच्या मीटिंगमध्ये मीच सांगितलं, "साफसफाई आमची होती, आमच्याकडून राहिली." त्या खोलीत असलं वाक्य अकरा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. थोडा वेळ सगळे गप्प होते. मग मेंटेनन्सवाले म्हणाले, त्या प्रेसवरचा दिवा महिनाभर बंद आहे, तो मी बदलायला हवा होता. पुढचं काम तुम्ही केलंत. आमच्या चार वेगळ्या आकड्यांचे चार बोर्ड उतरवून एकच लावलात: जुन्या डायचा शेवटचा चांगला पीस आणि नव्या डायचा पहिला चांगला पीस, यांत किती मिनिटं गेली. तो आकडा चौघांचा. आज तो ३८ वर आहे. फोन न करता डाय प्रेसपाशी येऊन थांबलेली असते आणि क्वालिटीचा माणूस गेज घेऊन उभा असतो.

मी पुष्कळ हुशार साहेब पाहिले. समोरच्याची चूक हातात सापडलेली असताना ती मुठीत झाकून ठेवणारा माणूस मात्र मी नोकरीत एकच पाहिला. घरात वडीलधारे हे करतात, चांगले मास्तर करतात. कारखान्यात, ज्याच्या हातात आमचं अप्रेजल आहे अशा माणसाने ते करावं, याचं मोल मला कसं सांगावं कळत नाही. परवा माझ्या एका सुपरवायझरकडून प्रेसला पत्र्याची चुकीची कॉइल (गुंडाळी) लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुमचा खिशात गेलेला हात आठवला. त्याला बाजूला नेऊन बोललो.

यंदा खंडेनवमीला चार नंबर प्रेसची पूजा आम्ही चौघं मिळून करणार आहोत. टूलरूमवाल्यांनी स्वतःहून हार आणायचं कबूल केलंय. वहिनींना घेऊन नक्की या. नारळ तुमच्या हातून वाढवायचा आहे.

तुमचा,
प्रॉडक्शनवाला